नाहीची ड्यूटी

मिस मीरा टाळ्या वाजवायच्या नाहीत. कधीच नाही. शाळेच्या अ‍ॅन्युअल डेला नाही, कोणाचा केक कापताना नाही, आमच्या मंडळाच्या गणपतीत अख्खा हॉल आरतीला टाळ्या वाजवत असतो तेव्हासुद्धा नाही. ग्रे कार्डिगन, त्याचे दोन खिसे, खिशात दोन हात. एखादी गोष्ट फारच आवडली तर मान एकदा खाली, एकदा वर. तेवढंच. आणि कार्डिगन कुठे, तर दुबईशेजारच्या अजमानमध्ये, जिथे जुलैत गाडीचं स्टिअरिंग पकडवत नाही.

मी हे दुबईत अल क्वोजला आमच्या वेअरहाऊसमध्ये लंच टाइमला फोनवर टाइप करतेय, बाजूला एक्झिबिशनच्या स्टॉलचं प्लायवूड कापणं चालू आहे, त्यामुळे पुढचं मागे झालं तर सांभाळून घ्या. पण शनिवारी टीव्हीवर जे बघितलं त्यानंतर मिसबद्दल कोणालातरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये.

तर मिस मीरा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. पूर्व युरोपातल्या एका छोट्या देशातून आलेल्या. देशाचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. तिथे आधी कम्युनिस्टांचं राज्य होतं आणि मग ते पडलं, एवढं पुरे. इकडे त्या शारजाच्या एका शाळेत ड्रामा शिकवायच्या आणि संध्याकाळी घरी आम्हा बिल्डिंगमधल्या मुलांची इंग्लिश स्पीकिंगची ट्यूशन घ्यायच्या. आईला पहिल्या दिवशी नाव कळलं तेव्हा ती इतकी खूश झाली. "मीरा? म्हणजे आपलीच की." तेव्हापासून मीराताई. बाबा मॅडम म्हणायचे. आम्ही मिस.

ट्यूशनमध्ये दोन गोष्टी होत्या ज्या दुसऱ्या कुठल्याच ट्यूशनमध्ये नव्हत्या.

पहिली म्हणजे दरवाजा. ट्यूशन चालू असताना फ्लॅटचा दरवाजा कायम अर्धा उघडा. एसीची सगळी हवा कॉरिडॉरमध्ये. वॉचमन नझीरभाई येऊन जाऊन ओरडायचे, "मॅडम, बिल आएगा, बंद करो ना." मिस हसायच्या आणि दरवाजा आणखी थोडा उघडायच्या. बाहेर कोणी ऐकत असेल तर त्याला नीट ऐकू येऊ दे, म्हणायच्या. आम्हाला वाटायचं जोक आहे. पण आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली की त्या वाक्य अर्धं सोडायच्या. कोणाची तरी पावलं यायची, दारावरून जायची, कुठेतरी चावी फिरायची. मग त्या ते वाक्य तिथूनच पूर्ण करायच्या, जसं काही मध्ये काहीच झालं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नाहीची ड्यूटी. आम्ही सहा-सात मुलं. दर आठवड्याला एकाची ड्यूटी. नियम असा की एखाद्या गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं की ड्यूटीवाल्याने उठून नाही म्हणायचं. मनात हो असलं तरी. आणि कारण द्यायचं. आणि नाही हा शब्द स्वतःच्या भाषेत म्हणायचा, इंग्लिशमध्ये चालणार नाही. "परक्या भाषेत नाही म्हणणं सोपं असतं," मिस सांगायच्या. "घरच्या भाषेत म्हणून बघ, मग पाय थरथरतात." त्यामुळे मल्याळी पोरगा इल्ला म्हणायचा, सीरियाची एक मुलगी होती ती ला म्हणायची, आणि मी आणि माझा धाकटा भाऊ अर्णव नाही. अर्णव घरी मराठीचा एक शब्द काढत नाही, आई काहीही विचारू दे, उत्तर इंग्लिशमध्ये. पण मिसकडे त्याची ड्यूटी आली की जिना चढतानाच प्रॅक्टिस सुरू. नाही, नाही, नाही.

एकदा सगळ्यांनी ठरवलं, टर्म संपली की पिझ्झा. अर्णवची ड्यूटी. उठला, "नाही."

मिस म्हणाल्या, "कारण?"

"बिकॉज…" त्याने एकदा कोपऱ्याकडे बघितलं. "बिकॉज रियाला चीज चालत नाही आणि ती सांगत नाहीये."

रिया कोपऱ्यात लाल झाली. खरंच तिला चीजने पोटात दुखायचं आणि ती दर वेळी गप्प बसून खायची. मिसची मान एकदा खाली, एकदा वर. अर्णव त्या दिवशी घरी जो काही चालत आला, जणू वर्ल्ड कप.

हे मिसच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. हे मास्तरांचं. त्यांच्या भाषेतल्या ज्या शब्दाने त्या त्या माणसाला हाक मारायच्या त्याचा अर्थ मास्तर, म्हणून आमच्यासाठी पण मास्तर. गणिताचे मास्तर होते ते. सरकारविरुद्ध बोलले म्हणून शाळेतून काढलं आणि ट्रॅमच्या डेपोत गाड्या धुवायला लावलं. संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात वीसेक माणसं जमायची, त्यात मिस, तेव्हा माझ्याएवढ्या. दरवाजा अर्धा उघडा असायचा. आपण लपूनछपून काही करत नाही, असं मास्तरांचं म्हणणं. आणि नाहीची ड्यूटी. बाहेर अख्ख्या देशात सगळे ठराव एकमताने, टाळ्यांच्या गजरात पास व्हायचे, आणि या एका किचनमध्ये कोणीतरी एक जण उठून नाही म्हणायचाच. मास्तर म्हणायचे, ज्या खोलीत सगळे हो म्हणतात त्या खोलीत कोणीतरी घाबरलेलं असतं.

आणि मग ते राज्य पडलं, आणि ट्रॅम धुणारे मास्तर देशाचे सगळ्यात मोठे नेते झाले. मिस हे सांगताना आम्ही पोरं म्हणायचो, वॉव मिस. मिस खिडकीबाहेर बघायच्या.

थांबा, खुर्ची राहिली.

मिसच्या हॉलमध्ये एक लाकडी खुर्ची होती, दरवाजाकडे तोंड करून, आणि तिच्यावर कोणी बसायचं नाही. आम्ही जमिनीवर दाटीवाटीने, बीन बॅगवर, सोफ्याच्या हातावर, पण ती खुर्ची रिकामी. बिल्डिंगमध्ये तिचं नाव भुताची खुर्ची. एकदा मिस चहा करायला आत गेल्या आणि अर्णव पैजेवर जाऊन बसला. मिस ट्रे घेऊन बाहेर आल्या, त्याला बघितलं, आणि ट्रेमधले कप वाजायला लागले. ओरडल्या नाहीत. ट्रे खाली ठेवला.

अर्णव हळूच उठला. "मिस, इज इट अ घोस्ट?"

"हो."

"डेड पर्सन?"

"नाही," मिस म्हणाल्या. "जिवंत. म्हणून तर जात नाही."

त्या रात्री अर्णव आई-बाबांच्या मध्ये झोपला.

त्या भुताचं नाव एमिल. हे मला खूप नंतर कळलं, मी जॉबला लागल्यावर. आईने साबुदाण्याची खिचडी केली होती, मिसना ती भयंकर आवडायची, दाण्याचं कूट जास्त घातलेली. आम्ही दोघी डबा घेऊन गेलो. टीव्हीवर त्यांच्या देशाच्या बातम्या चालू होत्या, चौकात मास्तरांचा पुतळा बसणार होता, त्याचं चित्र दाखवत होते. मास्तर जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्या नावाचा पूल आहे, नोटेवर चेहरा आहे, शाळेत मुलांना धडा आहे. आणि आता जे सरकार आहे, जे पेपर बंद करतंय, छोट्या छोट्या संस्थांना टाळं लावतंय, तेच सरकार पुतळा उभारतंय. मास्तरांचं स्वप्न आम्ही पूर्ण करतोय म्हणे.

"पुतळ्याचा हात वर आहे," मिस म्हणाल्या. "बघा. हात वर." मग टीव्ही बंद केला आणि आईला म्हणाल्या, "मीसुद्धा एकदा वर केला होता."

राज्य पडल्यानंतरची गोष्ट. किचनमधली माणसं आता गालिचे असलेल्या मोठ्या इमारतीत बसत होती. कोणीतरी येऊन सांगितलं की आपल्यातला एमिल जुन्या पोलिसांना आपल्या बातम्या द्यायचा. कोणी सांगितलं, कशावरून, कोणीच विचारलं नाही. सगळे थकलेले, सगळे आनंदात, पुढे हजार कामं. मास्तर म्हणाले, हात वर करा, संपवू. आणि त्या दिवशी ड्यूटी मिसची होती.

"मला वाटलं, आज नको," मिस म्हणाल्या. "आज इतका मोठा दिवस आहे. उद्या बोलेन. एमिल माझ्याकडे बघत होता. ड्यूटी कोणाची आहे ते आम्हाला सगळ्यांनाच माहीत असायचं. मी हात वर केला. त्याने खुंटीवरून त्याचा लांब कोट काढला, अंगात घातला, खिशात हात घातले आणि गेला. दरवाजा मागून नीट बंद करून गेला. किती वर्षांनी पहिल्यांदा आमचा दरवाजा पूर्ण बंद झाला."

बातम्या देणारा दुसराच होता. त्याने पुढे स्वतःच टीव्हीवर येऊन सांगितलं, पुस्तक विकायला. तोपर्यंत एमिलचा पत्ता कोणालाच माहीत नव्हता. मिसनी त्याला तीन देशांत शोधलं. मास्तर शेवटी आजारी असताना मिस भेटायला गेल्या, तर पहिला प्रश्न, "त्या दिवशी ड्यूटी कोणाची होती?"

"माझी."

मास्तर म्हणाले, "मी विचारायला हवं होतं."

खिचडी तशीच गार झाली. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, कोणाची तरी पावलं अर्ध्या उघड्या दारावरून गेली. मिस ती ऐकत राहिल्या, पार शेवटच्या फ्लॅटचं दार लागेपर्यंत. आणि मला एकदम कळलं की इतकी वर्षं आम्ही समजत होतो की मिसना पोलिसांची भीती वाटते. तसं नव्हतं. त्या वाट बघत होत्या.

आता मंडळाची गोष्ट. ही नाही सांगितली तर काहीच सांगितलं नाही.

आमच्या मराठी मंडळात सगळं बिनविरोध होतं. निवडणूक बिनविरोध, ठराव बिनविरोध, मेन्यू बिनविरोध. बाबा कार्यवाह, मला आठवतंय तेव्हापासून. वाईट माणूस नाही माझा बाप, उलट सगळ्यांसाठी मरमर करतो, पण सभा म्हणजे त्यांना अकरा मिनिटांत संपवायची गोष्ट वाटते, कारण बाहेर बिर्याणी गार होत असते.

त्याच वर्षी गणपतीच्या तोंडावर आमचा हॉल कॅन्सल झाला. हॉलवाल्याने कारण दिलं नाही, फक्त सॉरी हबीबी, नॉट पॉसिबल. कोणीतरी ग्रुपवर टाकलं, तक्रार गेली वाटतं. दुसऱ्याने टाकलं, आपल्यातल्याच कोणाचं काम असणार. आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना 'माहीत' होतं की ते शिंदेकाका. का, तर आदल्या वर्षी स्पीकरच्या आवाजावरून त्यांचं बाबांशी भांडण झालं होतं. शिंदेकाका अबुधाबीच्याही पलीकडे रुवैसला रिफायनरीत, पंधरा दिवसांनी एकदा घरी येतात, काकू आणि मुलगी आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये. इथे मंडळातून काढणं म्हणजे काय ते तिकडे राहून कळणार नाही. इथे मामा नाही, मावशी नाही, आजी व्हिडिओ कॉलवर. मुलगी आजारी पडली आणि नवरा रुवैसला असला तर हॉस्पिटलला घेऊन जातं ते मंडळच. त्यातून काढलं की खलास.

सभा मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेनंतर, एका रेस्टॉरंटच्या पार्टी हॉलमध्ये. मिस स्पर्धेच्या परीक्षक होत्या, आणि आमच्याच गाडीतून घरी जाणार म्हणून मागे थांबल्या होत्या. मी त्यांच्या बाजूला, दोन्ही हातांत उरलेल्या ट्रॉफ्यांचा खोका.

शिंदेकाका शिफ्ट संपवून थेट आलेले, कंपनीचं जॅकेट तसंच. "मी कशाला करू तक्रार?" ते म्हणाले. "माझी पोरगी लेझमीत पहिल्या रांगेत आहे."

"मागच्या वर्षी तुम्हीच म्हणाला होतात ना, स्पीकर बंद करतो म्हणून?" मागून कोणीतरी.

"स्पीकर बंद करतो म्हणालो. गणपती नाही."

थोडे हसले. बाबांनी माइक घेतला. "मंडळी, उगाच कटुता नको. शिंदे यांचं सभासदत्व रद्द करावं, असं सर्वांचं मत दिसतंय. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करा. यल्ला, पटकन."

हात वर गेले. काही लगेच, काही शेजाऱ्याचा बघून. पहिल्या रांगेत आई, तिचापण. शिंदेकाकू मुलीचा लेझमीचा ड्रेस मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांनी त्याची घडी घालायला सुरुवात केली.

"काय चाललंय?" मिसनी मला विचारलं. मी कानात सांगितलं. पूर्ण सांगूनही झालं नाही, त्यांना हात दिसतच होते. त्यांचे स्वतःचे हात खिशातून बाहेर आले. मी ते कधी असे बघितले नव्हते, नुसते, रिकामे.

"सर्वानुमते," बाबा म्हणाले, "ठराव बिनविरोध…"

"नाही."

स्पष्ट मराठीत. सगळा हॉल मागे वळला. कोणीतरी म्हणालं, "अरे वा, मॅडमना मराठी येतं की." हशा. बाबा पण हसले, पण कानाच्या पाळ्या लाल. "मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट, यू आर नॉट अ मेंबर."

"माहीत आहे," मिस इंग्लिशमध्ये म्हणाल्या. आवाज इतका हळू होता की हशा आपोआप थांबला. "मला मत नाही. मी पाहुणी आहे, तुमच्याकडे पण आणि या देशात पण. मला फक्त एक विचारायचंय. आज ड्यूटी कोणाची आहे?"

कोणालाच काही कळलं नाही. बाबांनी घड्याळ बघितलं. बाहेर बुफेची झाकणं वाजत होती. मिस उभ्याच होत्या, आणि खरं सांगते, त्यांचा चेहरा बघवत नव्हता, त्या आमच्या हॉलमध्ये नव्हत्याच, त्या गालिच्यावाल्या खोलीत होत्या आणि कोणीतरी खुंटीवरून कोट काढत होतं.

पहिल्या रांगेत एक हात खाली आला.

"माझी," आई म्हणाली. "आज माझी ड्यूटी आहे."

"अगं, तू काय…" बाबा माइकवरच.

"नाही," आई म्हणाली. माझी आई, जी सभेत फक्त हळदीकुंकवाची तारीख सांगायला उठते. "शिंद्यांनी तक्रार केली हे कोणी बघितलं? त्यांना फोन करताना कोणी बघितलं? ज्यांनी बघितलं त्यांनी हात वर करा."

एकही हात वर नाही. मघाशी वर असलेले कुठे ठेवावेत हे लोकांना कळेना. एक जण चष्मा पुसायला लागला.

बाबांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "विषय तहकूब." आणि सभा पहिल्यांदाच अकरा मिनिटांच्या वर गेली.

बाबा गाडी चालवत होते, आई शेजारच्या सीटवर. कॉर्निशच्या सिग्नलला मिसनी मागून आईच्या खांद्यावर हात ठेवला. "भीती वाटली?"

"घरी गेल्यावर वाटेल," आई म्हणाली, ड्रायव्हिंग सीटकडे न बघता.

तक्रार खरंच कोणी केली होती का, हे अजूनही कोणाला माहीत नाही. दुसरा हॉल मिळाला. शिंदेकाका आले, मुलगी पहिल्या रांगेत नाचली. काही जण त्यांच्याशी आजही धड बोलत नाहीत. असं काही नाही की त्या दिवसानंतर आमचं मंडळ बदललं. बिर्याणी तीच, हात तेच. फक्त आता ठरावाच्या आधी बाबा एक क्षण थांबतात आणि मागे बघतात. आणि घरी आईने ड्यूटी सुरू केली, चौघांची, आठवड्याला एक. बाबा आधी वैतागले, मग करायला लागले. शास्त्रोक्त, कारणासकट. कार्यवाह आहेत शेवटी.

मग शाळेने मिसचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केलं नाही. वय झालं, म्हणाले. व्हिसा संपत आला. त्याच वेळी तिकडून बोलावणं आलं, पुतळ्याच्या कार्यक्रमाला, मास्तरांच्या किचनमधल्या ज्या काही थोड्या लोकांना अजून चालता येतं त्यांच्यासाठी राखीव जागा.

"जाणार?" आईने विचारलं.

"जाणार. पण राखीव जागेत नाही बसणार. गर्दीत उभी राहणार." मग जरा थांबून, "तोही आला, तर गर्दीतच येईल ना."

आईने चिवड्याचा डबा दिला. नझीरभाईंनी बॅगा लिफ्टमध्ये टाकल्या. मिसनी आमच्या तिघांकडे बघितलं, मान एकदा खाली, एकदा वर, हात खिशात, आणि लिफ्टचं दार बंद झालं. समोरच्या फ्लॅटमध्ये आता एक कपल आलंय, चांगलं आहे, दरवाजा कायम बंद. ती खुर्ची त्यांनी कचऱ्याच्या रूमबाहेर काढून ठेवली होती. आईने आत आणली. दरवाजाकडे तोंड करून ठेवलीय, अर्णव अजून बसत नाही तिच्यावर.

त्यानंतर मिसचा फोन नाही. मेसेज टाकला की एकच टिक, दुसरी येत नाही. आई रोज टाकते. "मीराताई, पोचलात ना?"

शनिवारी तो कार्यक्रम लाइव्ह होता. आम्ही लॅपटॉप टीव्हीला जोडला. भाषा कळत नव्हती. मोठा चौक, थंडी, झेंडे, पुतळ्यावरचा पडदा ओढला आणि मास्तर, हात वर. एक नेता बोलत होता. मग टाळ्या सुरू झाल्या. आधी इकडे तिकडे, मग हळूहळू सगळ्यांच्या एकाच तालात, हजारो माणसं, तो आवाज आमच्या हॉलमध्ये भरला आणि थांबेचना. कॅमेरा गर्दीवरून फिरत होता. आणि एका ठिकाणी, बारा-पंधरा रांगा मागे, ग्रे कार्डिगन. पांढरे केस. हात खिशात.

मी पॉज केलं. चेहरा अर्धा झेंड्याच्या मागे, धूसर.

"मिस आहेत," मी म्हणाले.

"हंड्रेड पर्सेंट," अर्णव.

आई टीव्हीच्या अगदी जवळ गेली. तिने पदर तोंडाला लावला आणि हो म्हणून मान डोलावली.

"नाही," बाबा म्हणाले.

आम्ही तिघंही वळलो.

"माझी ड्यूटी आहे या आठवड्यात," ते म्हणाले. "नाही. त्या असत्या तर शेजारची जागा रिकामी असती."

मी परत पॉजवर बघितलं. शेजारची जागा रिकामी नव्हती. तिथे एक म्हातारा उभा होता, लांब कोट घातलेला. त्याचेही हात खिशात होते.